हाकेनंतरची रिकामी जागा

१

तालमीत गाणारे गात नाहीत, हे बाहेरच्या माणसाला कितीही सांगा, पटत नाही. गळा प्रयोगासाठी राखायचा असतो. म्हणून तालमीत सूर नुसता दाखवायचा, उंच सूर असेल तर तो खाली उतरवून घ्यायचा, शब्द ओठांवरच ठेवायचे आणि आपण कुठवर आलोय एवढं वाद्यवृंदाला कळू द्यायचं. ऑपेराच्या जगात या खुणेपुरत्या गाण्याला कुणी आळस म्हणत नाही. उलट ज्याचा गळा मोठा तोच तालमीत जास्त पुटपुटतो, असाच समज आहे.

लव्हिनिया टॉलिव्हर पहिल्या दिवसापासून पुटपुटत होती आणि कुणाची काही तक्रार नव्हती. मेरिडियन थिएटरच्या रंगमंचावर चिकटपट्टीची एक पांढरी फुली होती. तिथं उभं राहायचं आणि समोरच्या अंधाऱ्या प्रेक्षागृहाला नदी समजून पलीकडच्या काठाला हाका मारायच्या, हे तिचं काम. त्या दुपारीही तिनं पहिली हाक खुणेपुरती मारली, आणि खाली वाद्यवृंदाच्या खड्ड्यात नोरीन कास्परनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. नोरीन म्हणजे वाद्यवृंदाची संचालिका. बुटकी, तापट, आणि मनानं लोण्यासारखी.

"हॉर्नवाले! मयताला आल्यासारखं काय वाजवताय? मोकळं वाजवा की."

पितळी हॉर्न फुंकणाऱ्यांचा म्होरक्या हचिन्स चष्म्यावरून पाहत म्हणाला, "पानावर आम्हाला हळू म्हणून लिहिलंय, मॅडम. आम्ही मोकळे सुटलो तर गाणारी बुडेल."

"ही बुडेल? ही बाई तुम्हा सगळ्यांना गिळून वर ढेकर देईल. कान शाबूत आहेत ना? वाजवा मोकळं!"

सगळा खड्डा हसला. लव्हिनियाही हसली. पण हसता हसता तिचा हात गळ्यावरच्या रुमालाकडे गेला. तिनं ती ओळ जेमतेम कुजबुजली होती. तिची तिलाच धड ऐकू आली नव्हती.

२

गळ्यावरच्या रुमालाखाली एक व्रण होता. मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी तिच्या गळ्यातली गाठ काढली होती. "आवाज परत येईल, बाई, धीर धरा," असं ते म्हणाले होते. बोलण्याचा आवाज आला. गाण्याचा आला की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं, कारण तिनं पाहिलंच नव्हतं. स्वयंपाकघरात एकटी असतानासुद्धा तिनं कधी पूर्ण गळा उघडला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली आणि आत काहीच नसलं तर?

आणि नेमकं अशा वेळी हे काम पदरात पडलं. टॅनर्स लँडिंग गावच्या वाद्यवृंदाच्या सभागृहाचं छत कोसळलं होतं. मेरिडियनच्या नाटक मंडळीकडे जागा होती, पण प्रेक्षक आटले होते. आंधळ्यापांगळ्याची जोडी जमावी तसे हे दोघे एकत्र आले आणि त्यांनी अँब्रोज फेल्टनचा 'पैलकाठ' उकरून काढला. फेल्टन जुन्या काळातला, याच गावचा, काळ्यांच्या चर्चमधल्या एका डीकनचा, म्हणजे भजन-प्रार्थना चालवणाऱ्या सेवेकऱ्याचा मुलगा. हा ऑपेरा त्यानं मेरिडियनसाठीच लिहिला होता आणि मेरिडियननं तो कधी होऊ दिला नाही. झाला असता तरी फेल्टनला स्वतःला तो गल्लीतल्या जिन्यानं वर चढून, काळ्यांसाठी राखलेल्या गॅलरीतल्या बाकावर बसून पाहावा लागला असता.

गोष्ट साधी होती. ओहायो नदी ओलांडून निसटून आलेली एक बाई, पलीकडे गुलामीत राहिलेल्या बहिणीला हाका मारत राहते. सगळा ऑपेरा त्या हाकांवर उभा होता, आणि हाका लव्हिनियाच्या गळ्यावर. ही भूमिका दुसऱ्या कुणी बसवलेली नव्हती. तिनं 'मला जमणार नाही' म्हटलं असतं तर पडदा पडला असता आणि फेल्टनचं बाड पुन्हा पेटीत गेलं असतं. म्हणून ती तोंडानं काही म्हणत नव्हती. अळीमिळी गुपचिळी.

त्या संध्याकाळी नाटक मंडळीचा दिग्दर्शक डेझमंड रूक्स तिला गाडीपर्यंत सोडायला आला. उंच, तरुण, आणि बोलायला लागला की थांबायचं नाव नाही.

"मिस लव्हिनिया, खरं सांगू? तुमची ती हाक ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तालमीत एवढं गाऊ नका हो. रविवारसाठी ठेवा थोडं."

"चेष्टा करतोस का रे म्हातारीची?"

"आईशप्पथ! तो लाइटवाला शिडीवर रडत होता. विचारा त्याला."

चोराच्या मनात चांदणं असतं. लव्हिनियाला वाटलं, यांना कळलंय. कळलंय आणि माझी दया येऊन हे सगळे मिळून गोड खोटं बोलताहेत. पण डेझमंडच्या चेहऱ्यावर दया नव्हती. तो नुसता खूश होता.

३

माणूस घाबरला की आधी शहाणपणानं वागून पाहतो. लव्हिनियानं स्वतःची समजूत काढली. मेरिडियनचं छत जुनं, घुमटाकार, चुन्याचं. अशा छताखाली टाचणी पडली तरी नगारा वाजतो. माझी कुजबुज वर जाऊन मोठी होत असेल, झालं. तिला स्वतःला ती मोठी का ऐकू येत नाही, याचंही उत्तर तिनं शोधलं. गाणाऱ्याला आपला आवाज खरा कधी ऐकूच येत नाही, हे तिला पहिल्या गुरूनं सांगितलं होतं.

मग तिला तो श्वास ऐकू आला.

हाकेच्या आधी वाद्यं थांबतात आणि गाणारी श्वास घेते. लव्हिनियानं श्वास घ्यायच्या किंचित आधी, तिच्या उजव्या कानाशी, कुणीतरी श्वास घेतला. खोल, पोटातून, बरगड्या रुंदावणारा. गाणाऱ्याचा श्वास तो. तिनं वळून पाहिलं. पुठ्ठ्याचं एक झाड होतं आणि त्याला टेकवलेली शिडी.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की नोरीनची ताल देणारी काठी आता तिच्या श्वासावर खाली येत नाही, त्या दुसऱ्या श्वासावर येते. वाद्यवृंद त्याच श्वासाबरोबर चालत होता. ती स्वतः केसभर मागे पडत होती आणि ते कुणाला जाणवत नव्हतं.

तेव्हा तिनं करू नये ते केलं. हाकेची जागा आली तशी तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं. कुजबुजसुद्धा नाही. कानाशी श्वास झाला आणि मग तिला काहीच ऐकू आलं नाही, नुसते हॉर्न. मोकळे, भरघोस, कुणाला तरी साथ देणारे हॉर्न. खाली नोरीनचे डोळे भरून आले होते. हाक संपली असावी त्या जागी काठी थांबली. मग पानावर होती ती रिकामी जागा आली. सगळी वाद्यं गप्प, आणि पुढची हाक.

"सुंदर!" नोरीन म्हणाली. "फक्त या मधल्या रिकाम्या जागा कापू या का गं? प्रत्येक हाकेनंतर सगळ्यांना नुसतं थांबायला लिहिलंय. फेल्टन असं का करतो, देव जाणे."

"कापाच," डेझमंड मागून ओरडला. "जरा शांतता दिली की या गावचे लोक खोकतात. जास्त दिली की खोकल्याच्या गोळ्यांचे कागद सोलतात."

लव्हिनियानं होकारार्थी मान हलवली. कशाला हलवली, तिलाही सांगता आलं नसतं.

४

जेवणाच्या सुट्टीत ती घुमटाखालच्या त्या जुन्या गॅलरीत गेली, आवाज कुठून घुमतो ते पाहायला. भीतीचं तोंड एकदा उजेडात पाहिलं की ती पळते, असा तिचा आजवरचा अनुभव. बाहेर लख्ख ऊन होतं. गल्लीतला जिना अरुंद होता आणि भिंतीला खांदे घासत होते. वरच्या दाराला कुलूप नव्हतं, नुसता खिळा अडकवलेला. आत नाटक मंडळीचं जुनं सामान होतं. कापडी भिंती, एक सिंहासन, डोकं नसलेला घोडा. त्यांच्यामागे बाक होते, पाठ नसलेले, लाकडी, धुळीनं पांढरे झालेले.

पुढच्या, कठड्याजवळच्या बाकावर धूळ नव्हती.

ती म्हणाली, "मांजर असेल." मोठ्यानं म्हणाली, म्हणजे स्वतःला ऐकू जावं. मग त्या बाकावर नाही, तर शेजारच्या धुळीच्या बाकावर बसली आणि खाली पाहिलं. किती खोल होता तो रंगमंच! फुली इथून तांदळाच्या दाण्याएवढी दिसत होती. इतक्या उंचीवर बसून ज्यांनी गाणी ऐकली असतील, त्यांनी काय ऐकलं असेल, असं तिच्या मनात आलं आणि तिला एकदम वाईट वाटलं. भीती विसरून वाईट वाटलं.

खाली लाइटवाले दिवे लावून पाहत होते. नोरीन त्यांच्यासाठी पियानोवर हाकेची जागा वाजवत होती. मान खाली, नजर पानावर. दिव्याचा गोल सरकत सरकत रिकाम्या फुलीवर येऊन थांबला. हाकेची जागा आली.

शेजारच्या स्वच्छ बाकावर कुणीतरी श्वास घेतला.

लव्हिनिया कठड्यावरून खाली वाकली. तिला दुसरं काही ऐकू येत नव्हतं, नुसता पियानो. पण शिडीवरचा लाइटवाला हातातलं काम विसरून उभा होता. पियानो थांबला आणि नोरीन मान वर न करताच म्हणाली, "थँक्यू, लव्हिनिया. जा, जेवून घे आता."

ती कशी उठली, कशी उतरली, ते तिला आठवत नाही. जिन्याच्या तळाशी डेझमंड हातात सँडविच घेऊन आडवा आला.

"अहो, मिस लव्हिनिया! तुम्ही तर आत्ता आत..." त्यानं मागे वळून आतल्या दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "धावलात की काय? सावकाश हो. गुडघ्यांचा विचार करा."

५

त्या दिवसापासून एक विचार तिला पोखरू लागला आणि तो भीतीहून वाईट होता. तो विचार म्हणाला, मग अडलंय कुठे? रविवारी फुलीवर उभी राहा, ओठ हलव. ऑपेरा होईल, वाद्यवृंद वाचेल, थिएटर वाचेल, फेल्टनचं नाव होईल, तुझंही होईल. मूठ झाकलेलीच राहील. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायचं, एवढंच.

तिला स्वतःची शिसारी आली. प्रयोगाच्या आदल्या दिवशी तिनं नोरीनला गाठलं आणि सांगून टाकलं. "मी गात नाहीये. पहिल्या दिवसापासून. गळ्यात आवाज आहे की नाही, मला माहीत नाही. तू ऐकतेस ती मी नव्हे."

नोरीननं तिचे दोन्ही हात धरले. "अगं बाई, मागच्या वेळी एका गाणाऱ्यानं मला प्रयोगाआधी सांगितलं होतं की त्याला कानच नाहीत. घरी जा. आल्याचं पाणी पी. झोप."

सांगून कुणी ऐकत नाही म्हटल्यावर माणूस कुठे जातो? लव्हिनिया चर्चमध्ये जाऊन बसली. प्रार्थना काही नव्हती, दुपारची वेळ होती आणि बाक रिकामे होते. तिच्या लहानपणी इथं पुस्तकं कमी होती. डीकन उभा राहून भजनाची ओळ द्यायचा, थांबायचा, आणि सगळी मंडळी ती ओळ लांबवून, घोळवून परत द्यायची. त्या थांबण्यात डीकन काही करत नसे. ती जागा त्याची नव्हतीच.

लव्हिनिया बाकावर ताठ झाली. कापलेल्या त्या रिकाम्या जागा! फेल्टन डीकनचा मुलगा होता. त्यानं तिथं काही लिहिलं नाही, कारण असल्या जागेत काय येतं ते लिहून ठेवायची त्याच्या घरात कधी गरजच पडली नव्हती. आणि ती, जन्मभर याच बाकांवर वाढलेली, नोरीनसमोर मान हलवून मोकळी झाली होती. परक्या सभागृहांत गाऊन गाऊन घरचं विसरली होती.

मग तिला आणखी एक आठवलं. तिच्या लहानपणीच्या त्या डीकननं, रॉबिडूनं, स्वतःच्या मुलाच्या दफनाच्या दिवशी ओळ द्यायला तोंड उघडलं आणि त्याचा गळा दाटला. तेव्हा मागच्या बाकावरून कुणा बाईनं त्याची ओळ उचलली होती. त्याला आवाज फुटेपर्यंत तीच ओळी देत राहिली. "सावकाश घे, बाळा," असं मधेच कुणी म्हणालं. डीकनला आवाज फुटला तशी ती गप्प झाली. लव्हिनिया मागे वळून पाहायला लागली तर आईनं तिची मान पुढे वळवली. अशा वेळी वळून पाहायचं नसतं. उचलणाऱ्यानं उपकार केलेले नसतात. ओळ खाली पडू द्यायची नाही, एवढंच असतं.

ती बराच वेळ रडली. मग तिथूनच नोरीनला फोन केला.

"त्या रिकाम्या जागा परत घाल."

"आता? उद्या प्रयोग आहे!"

"सगळ्याच्या सगळ्या. लोकांना खोकू देत."

६

रविवारी दुपारी मेरिडियन भरलं. चर्च सुटून तशाच आलेल्या बायकांच्या टोप्यांनी पुढच्या रांगा फुलल्या होत्या. गॅलरी बंद होती. दाराचा खिळा डेझमंडनं स्वतः ठोकला होता, पोरं वर जाऊन सामान पाडतील म्हणून.

हाकेची जागा आली. लव्हिनिया फुलीवर उभी राहिली. वाद्यं थांबली आणि उजव्या कानाशी तो श्वास झाला, खोल आणि शांत. ती वळली नाही. हळूच म्हणाली, "राहू द्या. मी देते." आणि स्वतःचा श्वास घेऊन तिनं गळा उघडला.

आवाज आला, पण काय आवाज! घोगरा, कडेनं फाटलेला, होता त्याच्या निम्मा. मोकळे सुटलेले हॉर्न त्याच्यावर धाडकन कोसळले. नोरीनचा चेहरा पांढरा पडला. तिनं डावा तळहात जिवाच्या आकांतानं खाली दाबला आणि हचिन्सनं वाजवता वाजवता हॉर्न गुडघ्यांत वळवला. हाक कशीबशी काठाला लागली. मग रिकामी जागा आली. शांतता. कुणीतरी खोकलं. लव्हिनियाच्या पाठीवरून घाम ओघळला. कानाशी आता कुणी नव्हतं.

दुसरी हाक. या वेळी हॉर्न हळू होते, पानावर लिहिलं होतं तसे. आवाज पुन्हा फाटला, पण फाटला तिथून तिनं तो सोडला नाही. पुढच्या रांगेतल्या टोपीखालून एक म्हातारी सहज, अगदी चर्चमध्ये म्हणावं तसं म्हणाली, "सावकाश घे, बाळा." लव्हिनियानं सावकाश घेतलं. खालचा, काळाभोर, तिचा जुना सूर तिला सापडला, आणि तिनं तो नदीपार फेकला.

रिकामी जागा आली. नोरीनची काठी हवेत थांबली. सगळं थिएटर थांबलं.

आणि वरून उत्तर आलं.

आधी एक आवाज. तो लव्हिनियानं आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, आणि तरी त्याच्या मागचा श्वास म्हणजे कानाशी येणारा तोच, हे ओळखलं. मग त्याच्यामागे दुसरा, मग कितीतरी. ओळ लांबवत, घोळवत, कुणी पुढे कुणी मागे, जसं मंडळी देतात तसं. शब्द कळत नव्हते. पलीकडच्या काठावरून कळतात तेवढेच.

लव्हिनियानं डोळे वर उचलले. दिव्याची तिरीप कठड्याला जेमतेम पोचत होती. कठड्यावर हात होते, ओळीनं, शेजारी शेजारी. रविवारी चर्चला घालायचे पांढरे हातमोजे घातलेले. मागे अंधार.

मग काठी खाली आली आणि तिला पुढची हाक मारायची होती.

७

पडदा पडल्यावर लोक उभे राहिले ते बसेचनात. पडद्यामागे नोरीन डेझमंडच्या गळ्यात पडून रडत होती आणि त्याच दमात त्याला झापत होती. "वर गायक बसवलेस आणि मला सांगितलं नाहीस, गाढवा!"

"मी? मला वाटलं तुम्ही बसवलेत. तुम्ही शिकवता त्या कॉलेजातली मुलं..."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग लव्हिनियाकडे. ती रुमाल सोडून व्रणावरचा घाम पुसत होती.

"दार उघडं ठेवत जा, डेझमंड," ती म्हणाली. "आणि तो घोडाबिडा उचल तिथून. माणसांना बसायला जागा नको का?"

दुसऱ्या दिवशी डेझमंडनं गॅलरी रिकामी केली आणि बाक ओल्या फडक्यानं पुसून घेतले. पुढचा एक सोडून. तो स्वच्छच होता.

'पैलकाठ' आता शेजारच्या शहरांतही मागतात. वाद्यवृंदाच्या सभागृहाचं छत नव्यानं घातलं गेलं, तरी तो मेरिडियनमधून हलायला तयार नाही. हॉर्नवाले हळू वाजवतात, कारण लव्हिनियाचा आवाज पूर्वीएवढा मोठा नाही आणि पुढेही होणार नाही. नोरीन म्हणते, तालमीतली ती लव्हिनिया वेगळीच होती. लव्हिनिया म्हणते, "हो, होती."

हाकेआधीचा तो श्वास मात्र पुन्हा कधी आला नाही. एवढी त्याची धास्ती घेतली होती तिनं, आणि आता फुलीवर उभी राहिली की उजवा कान उगाच वाट पाहतो. वाद्यं थांबतात. कुणी येत नाही. मग ती स्वतःच श्वास घेते आणि हाक मारते.

उत्तर येतं.